नऊ टक्क्यांची पँट

मी शिवणकाम करते, म्हणजे थापा मारणं हा माझ्या धंद्याचाच भाग झाला. "ताई, कपडे कधी मिळतील?" "परवा!" ते परवा गेल्या बावीस वर्षांत उजाडलेलं नाही. पण तेवढं सोडलं तर कापडाबद्दल, शिवणीबद्दल, बटणाबद्दल मी कुणाला खोटं सांगितलंय असं कुणी दाखवूनच द्यावं. म्हणून आता जे सांगते ते जसंच्या तसं सांगते, आणि माझ्या बाजूने लबाडी झाली असेल तर तीही सांगते. मग बोंबलायचं नाही.

सगळ्याचं मूळ आमच्या सासूबाई. त्यांनी गावाबाहेरच्या चेनच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. चेन म्हणजे गळ्यातली नव्हे हो, पँटची, पर्सची, दप्तराची. सासूबाई तपासणीच्या टेबलावर होत्या. कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा कामगारांना स्वस्तात शेअर वाटले. बाकीच्या बायकांनी ते महिन्याभरात विकून भांडी घेतली, पंखे घेतले. सासूबाईंनी मात्र ठेवले, चार हजारच्या चार हजार. प्रेमापोटी वगैरे काही नाही, विकायचे कसे तेच त्यांना माहीत नव्हतं.

बावीस-तेवीसच्या भावाला तो शेअर वर्षानुवर्षं घोरत पडला होता. आमचे हे, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात कारण दुकानात कापतात हे आणि शिवते मी, रोज सकाळी कात्री हातात घेण्याआधी मोबाईल बघून जाहीर करायचे, "बावीस पंच्याऐंशी." घरात कुणाचा तरी ताप मोजून सांगावा तसे.

मग एक दिवस हे ओरडतच आले. "अगं, फंड शिरला, फंड!"

"कुठे शिरला? हाकला आधी."

"कंपनीत शिरला! मोठ्या शहरातला म्युच्युअल फंड. नऊ टक्के शेअर घेतलेत त्याने. ही बघ यादी, दर तीन महिन्यांनी छापतात."

मला कळेना, यात नाचण्यासारखं काय? तेव्हा ह्यांनी माझ्या शिवायच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचं नवंकोरं कापड अंथरलं. "हे बघ. हे अख्खं कापड म्हणजे कंपनी. यातलं पाऊणभर कंपनीच्या मालकांकडे, ते विकत नाहीत. राहिलं त्यातलं हे एवढं फंडाने उचललं आणि कपाटात ठेवलं. आता उरली ही पट्टी. आणि फंड आलाय म्हटल्यावर सगळ्या जगाला ह्या पट्टीतून शर्ट शिवायचाय. पट्टीचा भाव काय होईल?"

खरंच तसं झालं. चाळीस झाला, साठ झाला, नव्वद झाला. ज्या दिवशी घेणारे शंभर आणि विकणारा एकही नाही, त्या दिवशी भाव ठरलेल्या मर्यादेला टेकतो आणि तिथेच अडकतो. त्याला म्हणायचं अप्पर सर्किट. आमच्या गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा हा शब्द बोलायला लागला. आणि सगळ्यांचं शहाणपण एकाच वाक्यात संपायचं, "एवढे शिकलेले फंडवाले, ते काय वेडे आहेत?"

आमच्या दुकानाला लागून मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो मोबाईलवाला मला वहिनी म्हणतो, मी त्याला भावजी. माणूस मनाने चांगला, पण उतावळा. चहा फुंकून पिणं त्याला माहीत नाही. त्याच्या-माझ्यात एका गोष्टीवरून शीतयुद्ध चाललं होतं, ती म्हणजे आमच्या दुकानाची खोली.

खोली भाड्याची होती. जागामालक म्हातारे झाले, लेकीकडे राहायला जायचं ठरवलं, आणि खोली विकायला काढली. भावजीला मधली भिंत पाडून दुकान दुप्पट करायचं होतं. आणि आम्हाला? आम्हाला फक्त जिथे आहोत तिथे राहायचं होतं. तीन मशिनी, कापायचं टेबल आणि बावीस वर्षांची गिऱ्हाइकं घेऊन मी जाणार कुठे? जागामालक म्हणाले, "मला दोघेही सारखे. तीस तारखेच्या आत जो पूर्ण पैसे आणेल त्याची खोली." असा सरळ माणूस, भांडायचीसुद्धा सोय नाही.

सव्वीस तारखेला सकाळी शेअर होता एकशे अठ्ठेचाळीसला. ह्यांनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, मी केला, पुन्हा ह्यांनी केला. खोली येत होती! वर कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन येत होतं! मी हातातला बाळंतपणाचा गाऊन डोक्यावर घेऊन एक गिरकी मारली.

"बाजारात तुरी," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून बटणं लावत होत्या. "शेअर माझे आहेत."

तेच तर दुखणं होतं. खातं त्यांच्या नावावर, विकताना येणारा ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि फोन त्यांच्या कमरेच्या बटव्यात.

"आई, चारच दिवस राहिलेत," हे म्हणाले.

"रोज वर चाललंय ते विकतं का कुणी? दोनशे होऊ दे."

"आणि पडला तर?"

"कसा पडेल? फंड बसलाय ना." झालं! सासूबाईसुद्धा गल्लीत सामील.

आम्ही मायलेक-सून असे तिघे एकमेकांवर तोंडसुख घेत होतो, तेवढ्यात दारात एक साहेब उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी पोटाखाली घट्ट धरलेली. तोंडाचं पाणी पळालेलं. मी बघता क्षणी ओळखलं. बावीस वर्षांत अशी बॅग धरून आलेली माणसं मी खूप पाहिलीत.

"चेन गेली?" मी विचारलं.

"गेली," ते म्हणाले. "अकराला माझी मीटिंग आहे. प्लीज."

आमच्याकडे कोपऱ्यात पडदा लावलाय, ती ट्रायल रूम. पडदा आखूड आहे, गुडघ्यापासून खालचं सगळं दिसतं. साहेब आत गेले, पँट बाहेर आली, आणि पडद्याखाली दोन उघड्या पोटऱ्या आणि काळे मोजे उभे राहिले. मी उसवायला बसले. तेवढ्यात आतून त्यांचा फोन वाजला.

"हो सर, पोचलो. कारखान्यातच चाललोय," पडद्यापलीकडून आवाज आला. त्यांना वाटलं असेल, पडदा म्हणजे भिंत. "हो, नऊ टक्के आहे आपलं. आज प्लांट बघतो, मालकांना भेटतो, मग ठरवू, वाढवायचं की काय करायचं."

ह्यांच्या हातून कात्री पडली. माझा पाय पायडलवरून घसरला. नऊ टक्के! ज्याच्या जिवावर अख्खं गाव उड्या मारत होतं तो फंड आमच्या कोपऱ्यात पडद्यामागे बिनपँटचा उभा होता, आणि त्याची पँट माझ्या मांडीवर होती. मला हसू असं आलं म्हणता, की मी तोंडात पदर कोंबला. हे तर खाली बसून टेबलाच्या पायाला धरून हसत होते. सासूबाईंनी दोन बटणं चुकीच्या जागी लावली.

आणि मग माझी नजर तुटलेल्या चेनवर गेली.

चेन ओढायचा जो तुकडा असतो त्याला आम्ही रनर म्हणतो. त्या रनरचं तोंड फाकलं होतं, त्यामुळे चेन वर जात होती पण मागे दात उघडेच राहत होते. आणि रनरच्या पाठीवर तीन पाकळ्यांचं फूल होतं. आमच्याच कंपनीचं फूल! सासूबाईंच्या कारखान्याचं!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि हसू तिथेच गोठलं. अगं बाई, ही चेन मी ओळखत होते की! गेले दोन महिने माझ्याकडे हेच चाललं होतं. दप्तराची चेन गेली, फुलाची. पर्सची गेली, फुलाची. एका नवरदेवाची ऐन वेळी गेली, तीही फुलाची. मी व्यापाऱ्याला पुडकी परत पाठवली होती, दोन शिव्या हासडल्या होत्या, आणि दुसऱ्या कंपनीची चेन घ्यायला लागले होते. एका हाताने त्यांचा माल परत करत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच शेअरवर गिरक्या मारत होते! शिंपीण म्हणून मला सगळं ठाऊक होतं, आणि शेअरवाली म्हणून मला कवडीचं कळत नव्हतं. स्वतःच्या हातात बघायचं सोडून मी फंडाच्या तोंडाकडे बघत बसले होते. कप्पाळ माझं!

"अहो," मी ह्यांच्या कानाशी लागले, "ही चेन आपलीच आहे. सगळ्या खराब येतायत."

"गप्प बस," हे कुजबुजले. "दुसरी टाक, इस्त्री मार, हसून पाठव. त्याला कळता कामा नये."

मीही मान डोलावली. खरंच डोलावली. खोली डोळ्यासमोर होती.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "ताई, चेन चांगली टाका हं. इथल्याच कारखान्याची टाका ना, मी तिथेच चाललोय. त्यांची एकदम उत्तम असते म्हणे."

आता मला सांगा, माझ्या दुकानात, माझ्या मशीनसमोर, कुणी मला चेनीबद्दल विचारतो, आणि मी काय 'हो हो' म्हणू? माझ्या तोंडाला कुलूप बसतच नाही. "साहेब, त्यांचीच तर तुटलीय!" मी ओरडले. "दोन महिन्यांत आणखी वीस तुटल्यात! मी त्यांची चेन पायपुसण्यालासुद्धा लावणार नाही!"

पडद्याखालचे मोजे हलायचे थांबले. आमचे हे टेबलावर डोकं टेकवून बसले.

पडद्यातून एक हात बाहेर आला. "बघू."

पण साहेबांच्या आधी सासूबाई उठल्या. त्यांनी रनर माझ्या हातातून घेतला, चिमटीत धरला, अंगठ्याच्या नखाने त्याचं तोंड दाबलं. ते मऊ पत्र्यासारखं वाकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वाकलं. त्यांनी पदराने डोळे टिपले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना भांडताना शंभरदा पाहिलंय, रडवेलं झालेलं फक्त त्याच वेळी पाहिलं.

"हे माझ्या टेबलावरून गेलं नसतं," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत असला एक तुकडा मी पास केला नाही. आता बघायला कुणी बसवत नाहीत वाटतं."

त्यांनी तो रनर साहेबांच्या हातावर ठेवला आणि पडद्यालाच बोलल्या, "घेऊन जा. मालकांना विचारा, तपासणीचं टेबल कुठे गेलं."

"विचारतो आजी," पडदा म्हणाला.

मी दुसऱ्या कंपनीची चेन लावायला घेतली. पण माझं तोंड सुटलं होतं ते सुटलंच. "साहेब, आता तुम्ही शेअर विकणार का?"

"ते मला सांगता येत नाही ताई. नियम आहे."

"बरं, नका सांगू. पण एखाद्या फंडाला विकायचेच असले तर?"

आतून हसू आलं. बिनपँटचा माणूस फार काळ अकडून बोलू शकत नाही. "आमचं विकणं म्हणजे फार अवघड काम. आम्ही एका दिवसात सगळे बाजारात ओतले तर घेणार कोण? भाव धाडकन पडतो, आणि आमचेच निम्मे शेअर हातात राहतात. म्हणून थोडे थोडे, गुपचूप, महिनोन् महिने. तुमच्यासारख्यांना तसं नाही. एक मिनिट लागतं. पण ते मिनिट कुणी घेत नाही, सगळे आमच्याकडे बघत बसतात."

"आणि तुम्ही कुणाकडे बघता?"

"खरं सांगू? आम्ही दुसऱ्या फंडाकडे बघतो."

ह्यावर मात्र आम्ही सगळेच हसलो. आत साहेब, बाहेर आम्ही तिघं, पडदा हलायला लागला. पावणेअकराला ते नव्या चेनीत पँट घालून बाहेर पडले. चेन तीनदा वरखाली करून बघितली, पैसे दिले, आणि तो रनर शर्टाच्या खिशात टाकून रिक्षात बसले.

सासूबाईंनी बटवा उघडला आणि फोन ह्यांच्या समोर धरला. "विक."

"सगळे?"

"सगळे. जे मी पास करणार नाही ते मी ठेवणार नाही."

ह्यांनी आकडे टाकले. ओटीपी आला. सासूबाईंनी तो एकेक आकडा करून असा वाचला, जणू कारखान्यात हजेरी घेतायत. मी डोळे मिटले. उघडले तोवर चार हजारच्या चार हजार गेले होते, एकशे अठ्ठेचाळीसला. घेणारे रांगेत होते ना, विकणारे आम्ही एकटेच! हे माझा हात धरून नाचायला लागले, मी सासूबाईंचा धरला, त्या म्हणाल्या "अगं सुई आहे हातात," पण नाचल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडून आरोळी आली. "मिळाले! अरे मिळाले! चार हजार मिळाले!"

आमचा नाच थांबला.

भावजी! रोज सकाळी बाजार उघडल्याबरोबर रांगेत पहिला नंबर लावून बसणारा आमचा भावजी. विकणारे जगात आम्ही एकटे, आणि घेणारा पहिला तो. मधे फक्त एक भिंत. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे बघायचं टाळत होते.

तो तर पळतच दारात आला. "वहिनी, तोंड गोड करा! आठ दिवस रांगेत होतो! खोलीचे पैसे जमवून ठेवले होते, ते टाकले सगळे. दोन दिवस सर्किट लागलं की खोलीचे सुटतात आणि भिंत पाडायचे, रंगाचे वर राहतात!" त्याने बिस्किटांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि आला तसा गेला.

"काही बोलू नकोस," हे हळूच म्हणाले. "बाजार आहे. त्याने घेतले, आपण विकले. त्याने आत्ता विकले तर पैसे मोकळे होतील, आणि तीस तारखेला तो आपल्याआधी जागामालकाच्या दारात उभा असेल."

ह्यांचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं, म्हणूनच मला संताप आला. मी तशीच उठले, टेप गळ्यात, आणि शेजारी गेले. भावजी एका गिऱ्हाइकाचा मोबाईल उघडून बसला होता.

"भावजी, ते शेअर विका," मी म्हटलं. "त्यांची चेन खराब येतेय. फंडाचा माणूस आज तिकडे गेलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मिस्कील हसला. "वहिनी, खोली हवी म्हणून मला घाबरवताय होय? तुम्ही तीन मशिनींवरून चेन बघता, फंडवाले सगळी कंपनी बघतात. त्यांना अक्कल नाही का?"

फंडाची अक्कल मघाशी माझ्या पडद्यामागे काळे मोजे घालून उभी होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाईक बसलं होतं. मी म्हटलं, "बघा बाबा, मी सांगितलं," आणि परत आले.

त्या दिवशी दुपारीच आम्ही जागामालकांना इसार दिला. दोन दिवसांनी खात्यात पैसे आले आणि एकोणतीस तारखेला खोली आमच्या नावावर झाली. मी त्या खोलीची चारही बाजूंनी टेपने मापं घेतली. बावीस वर्षं तिथे बसत होते, पण माप कधी घेतलं नव्हतं. सासूबाईंनी भिंतीला हात लावून बघितला. मला वेड लागायचं बाकी होतं. ओव्हरलॉक मशीन आलं तेव्हा मी पहिल्या दिवशी घरातले सगळे रुमाल, पडदे आणि ह्यांचा एक बरा शर्ट त्यावर घातला.

खोली गेल्यावर भावजीला शेअर विकायची घाई उरली नव्हती, आणि तीस तारखेला शेअर उघडला तोच खाली. मग रोज लोअर सर्किट, म्हणजे सगळे विकणारे आणि घेणारा एकही नाही, बाहेर पडायचं दारच बंद. फंडाने किती विकले कुणास ठाऊक. पण फंड बाहेर पडतोय अशी नुसती कुणकुण लागली आणि सगळे एकदम दाराकडे धावले. पुढच्या तिमाहीच्या यादीत फंडाचे अजून सात टक्के दिसत होते. म्हणजे साहेबही बिचारे अजून आतच अडकले होते. भाव पन्नासच्या खाली आला तेव्हा कुठे भावजीचे शेअर गेले.

त्यानंतर काही दिवस तो आमच्याकडे आला नाही. मग एका संध्याकाळी आला, सासूबाईंच्या रिकाम्या स्टुलावर बसला. मी चहा टाकला. तो खोलीकडे बघत होता, नव्या मशीनकडे बघत होता. रागावलेला नव्हता, तेच मला सहन होईना.

"वहिनी, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, मान्य. मीच ऐकलं नाही. पण तुम्ही इस्त्रीवाल्याला हाक मारता ती गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. माझा पोरगा परवा रस्त्यात धावला तर तुम्ही इथून अशा ओरडलात की गाडी थांबली. त्या दिवशी मला सांगताना एवढं हळू का बोललात?"

हे मागे कापत होते, त्यांची कात्री थांबली. गिऱ्हाईक होतं, असं म्हणणार होते मी. जिभेवर तयार होतं. बावीस वर्षं 'परवा' म्हणत आलेल्या बाईला एवढी एक थाप काय जड?

"खोली हवी होती, भावजी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मलाही हवी होती," तो म्हणाला, आणि चहा फुंकून प्यायला लागला.